टीबीच्या गोळ्या: काय सोसायचं आणि काय लगेच सांगायचं

भारत २०२५ पर्यंत क्षयमुक्त करायचा, अशी घोषणा २०१८ साली झाली. जगाने स्वतःला २०३० ची मुदत दिली आहे. रोग उतरणीला लागला आहे हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दर लाख माणसांमागे २०१५ मध्ये २३७ जणांना नव्याने टीबी झाला, २०२३ मध्ये १९५ जणांना. पण १९५ म्हणजे शून्य नव्हे. म्हणून तर आशाताई दारोदार फिरून "खोकला किती दिवस आहे?" विचारतात आणि शिबिरांत छातीचे एक्स-रे निघतात. आपल्या बेळगाव पट्ट्यात शोधायला जागाही पुष्कळ आहेत. निपाणीकडच्या तंबाखू-विडीच्या धंद्यातली घरं घ्या किंवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूची धूळ छातीत घेणारे कामगार घ्या. वाळूतली सिलिका फुप्फुसात साचली की टीबीचा धोका वाढतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला जुनी आहे.

निदान झालं की घरात गोळ्यांची पाकिटं येतात आणि खरे प्रश्न तिथून सुरू होतात. गोळ्या फार उष्ण पडतात. लघवीतून रक्त जातंय. लिव्हर खराब होतं म्हणे. शेजारच्याने महिन्याभरात सोडल्या, तो तर ठणठणीत आहे. यातल्या काही तक्रारी निव्वळ भीतीपोटी असतात, तर काही खरोखर जिवावर बेतू शकतात. अडचण अशी की घरच्या माणसाला सुरुवातीला दोन्ही सारख्याच दिसतात.

एकाच रोगाला चार औषधं का?

नेहमीच्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल. पुढचे चार महिने यातलं पायराझिनामाइड वगळून तीन. ही औषधं एकाच गोळीत एकत्र केलेली असतात आणि किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. म्हणून दवाखान्यात दर महिन्याला वजन करतात. ती नुसती रीत नव्हे. अंगावर मांस चढून वजन पुढच्या गटात गेलं तर गोळ्याही वाढवाव्या लागतात.

चार औषधं देण्यामागे साधा हिशेब आहे. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णात जंतूंची संख्या कोटींच्या घरात असते. त्यांत सुमारे दहा लाखांमागे एक जंतू आयसोनियाझिडला जन्मतःच जुमानत नाही. रिफाम्पिसिनला न जुमानणारा त्याहून दुर्मीळ, दहा कोटींत एखादा. एकच औषध दिलं तर हे मूठभर जंतू मागे राहतात आणि त्यांचीच पुढे फौज होते. हे पुस्तकी भय नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिलं प्रभावी औषध आलं तेव्हा ब्रिटनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. पहिल्या काही महिन्यांत रुग्ण सुधारले, आणि मग त्यांतल्या अनेकांचे जंतू त्या औषधाला निर्ढावले. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू मात्र इतका विरळा की एका माणसाच्या शरीरात तो सापडणं जवळजवळ अशक्य. चार औषधांची मोट बांधली आहे ती त्यासाठी.

बरं वाटतंय, मग सहा महिने कशाला?

चिकोडीकडच्या उसाच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. लव्हाळा खुरप्याने कापला की वरून रान स्वच्छ दिसतं, पण जमिनीखाली गाठी शिल्लक असतात आणि पहिल्या पाण्याबरोबर त्या पुन्हा फुटतात. टीबीच्या गोळ्यांनी भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. ताप जातो, भूक लागते, खोकला कमी होतो. साधारण दोन आठवडे नियमित औषध झालं की दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही बराच उतरतो. उरतात ते सुस्त जंतू. ते फारसे वाढत नाहीत, म्हणून औषधाच्या तडाख्यातही सहज येत नाहीत. उरलेले महिने त्यांच्यासाठी.

एकेकाळी यावर उपाय म्हणजे चांगली हवा. जुनी माणसं अजून मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियमचं, म्हणजे टीबीच्या रुग्णांना ठेवायच्या आरोग्यधामाचं, नाव घेतात. मद्रासमध्ये १९५० च्या दशकात जो अभ्यास झाला, त्याने ती समजूत मोडली. दाटीवाटीच्या घरांत राहून, बेताचं खाऊन औषध घेणारे रुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवलेल्या रुग्णांइतकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. याच सुमारास, १९५९ मध्ये, बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली आणि देशाचा घरबसल्या उपचाराचा कार्यक्रम तिथे आखला गेला. घरी उपचार म्हणजे सोय झाली, पण एक जबाबदारीही घरावर आली. औषध काय करतंय, काय बिघडवतंय, यावर रोज नजर ठेवणारं माणूस आता वॉर्डातली नर्स नाही. ती नजर सुनेची, नवऱ्याची, आईची.

लघवी लाल होते, ते रक्त आहे का?

नाही. रिफाम्पिसिनचा रंगच विटकरी-लाल आहे आणि ते लघवी, घाम, अश्रू, थुंकी अशा सगळ्या वाटांनी बाहेर पडतं. गोळी घेतल्यावर काही तासांत लघवी नारिंगी होते आणि संध्याकाळपर्यंत रंग फिका पडतो. पांढऱ्या बनियनवर डागही पडू शकतात. उलट गोळ्या चालू असूनही रंग कधीच येत नसेल, तर गोळी खरंच पोटात जाते आहे का, हे विचारावं लागतं.

मात्र हेच लक्षण घोटाळ्यात पाडतं, कारण कावीळ झाली तरी लघवी गडद होते. फरक डोळ्यांत बघायचा. रिफाम्पिसिनने डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होत नाही. सकाळी उजेडात, दारात उभं करून डोळे बघावेत. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा नीट कळत नाही. लघवीचा गडदपणा दिवसभर तसाच राहिला, डोळे पिवळे दिसले आणि जेवण नकोसं झालं, तर हा विषय रंगाचा राहत नाही.

लिव्हरचं काय? भीती कितपत खरी?

भीती खरी आहे, पण ती चुकीच्या वेळी वाटते. चार औषधांपैकी तीन, म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, यकृताला त्रास देऊ शकतात. इथाम्ब्युटॉल सहसा देत नाही. चारही औषधं घेणाऱ्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाच्या रक्तात यकृताचे आकडे थोडे वाढतात, त्याला काही जाणवतही नाही आणि गोळ्या चालू असतानाच ते आकडे खाली येतात. यकृत औषधाशी जुळवून घेतं, एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्टवरचा वाढलेला आकडा पाहून घाबरून गोळ्या फेकणारे रुग्ण बहुधा या गटातले असतात.

खरा धोका थोड्यांना होतो, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. अन्नावरची वासना उडते. मळमळ आणि उलट्या दिवसेंदिवस वाढत जातात. उजवीकडे बरगडीखाली दुखतं, कारण नसताना गळून जायला होतं, आणि शेवटी डोळे पिवळे. पिवळेपणा हे उशिराचं लक्षण आहे, त्याची वाट बघत बसू नये.

अशा वेळी करायचं काय, हे मी मुद्दाम ठळकपणे लिहितो, कारण "एकही दिवस चुकवू नका" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की लोक उलट्या करत करत गोळ्या गिळतात. ही लक्षणं दिसली तर सगळ्या गोळ्या थांबवायच्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. उद्या नाही, बाजाराच्या दिवशी नाही. लक्षणं सुरू झाल्यावरही औषध रेटत राहणं, हेच यातल्या मृत्यूंचं मोठं कारण आहे. डॉक्टर रक्त तपासतात. त्रास होत असेल आणि यकृताचा आकडा नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीपुढे गेला असेल, किंवा त्रास नसतानाही पाचपटीपुढे गेला असेल, तर औषधं बंद ठेवली जातात. आकडे उतरल्यावर ती एकेक करून, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा सुरू होतात. कुठल्या औषधाने दगा दिला ते त्यात कळतं आणि तेवढंच वगळून उपचार पुरा करता येतो. टीबी फार पसरलेला असेल तर मधल्या काळात यकृताला न दुखावणारी दुसरी औषधं देऊन गाडं चालू ठेवतात.

म्हणजे गोळ्या थांबवणं हा गुन्हा नाही. डॉक्टरही थांबवतात. न सांगता थांबवल्या की रोग पुन्हा उलटतो, आणि आशाताई आली की "घेतोय की" म्हणून पाकीट दाखवलं जातं.

काविळीवर झाडपाल्याचं औषध चालेल का?

आपल्याकडे काविळीचं औषध देणारं घर पंचक्रोशीत एखादं तरी असतंच. सकाळी अनशापोटी रस, तीन वार, मीठ-तेल बंद. लोकांना गुण येतो हे मी नाकारत नाही. पण का येतो ते बघा. दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ विषाणूमुळे होते आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप उतरते. रस घेतला तरी, नाही घेतला तरी. औषधामुळे झालेली कावीळ तशी नसते. तिचं कारण रोज सकाळी पाण्याबरोबर पोटात जात असतं. ते कारण चालू ठेवून वर रस प्यायला, तर ज्या तीन वारांत जीव वाचवता आला असता ते हातचे जातात. त्यातून कुठल्या पाल्याचा यकृतावर काय परिणाम होतो, हे कोणी मोजलेलं नसतं. टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला कावीळ झाली तर रस्ता एकच, दवाखान्याचा.

दारूबद्दल वेगळं काय लिहायचं! जे यकृत आधीच तीन औषधं पेलतंय, त्यावर चौथं ओझं.

मग दर महिन्याला सगळ्यांचं रक्त का तपासत नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे, आणि "सरकारी दवाखाना म्हणून टाळतात" असा संशयही लोक घेतात. कारण वेगळं आहे. दर महिन्याची तपासणी दोन तारखांच्या मध्ये झालेला बिघाड पकडू शकत नाही. एक तारखेचा रिपोर्ट चांगला आला म्हणून दहा तारखेला सुरू झालेल्या उलट्या पोटातल्या वाताच्या खात्यावर टाकल्या, तर ती तपासणी फायद्याऐवजी तोट्याचीच ठरते. शिवाय निरुपद्रवी वाढलेले आकडे पाहून औषधं उगाच बंद होतात. म्हणून सरसकट सगळ्यांपेक्षा जोखमीच्या लोकांची तपासणी नेमाने करायची, अशी पद्धत आहे. त्यात वयस्कर माणसं येतात, रोज दारू पिणारे येतात, गरोदर बायका येतात, तसेच ज्यांना आधीपासून यकृताचा आजार, हिपॅटायटिस बी-सी किंवा एचआयव्ही आहे ते. आपण यातल्या कुठल्या गटात बसत असू, तर ते पहिल्याच दिवशी सांगावं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी. दारूचं तर जास्तच, कारण ती बहुधा घरच्यांसमोर सांगितली जात नाही.

गरोदरपणाचं नाव निघालंच आहे तर: वर सांगितलेली चारही औषधं गरोदर बाईला देता येतात आणि बाळाला अंगावर पाजणंही चालू ठेवता येतं. पोटातल्या बाळापायी गोळ्या सोडणं बाळालाच महाग पडतं.

डोळे: इथे घरच्यांनीच तपासायचं

इथाम्ब्युटॉल क्वचित डोळ्याच्या नसेला इजा करतं. प्रमाण थोडं असलं तरी ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्यामुळे किडनी कमजोर असलेल्यांत धोका वाढतो. बऱ्याच देशांत हे औषध पहिल्या दोन महिन्यांनंतर बंद होतं. भारतात आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू बऱ्यापैकी आढळतात, म्हणून ते सहाही महिने चालतं. साहजिकच नजर ठेवायची ती सहाही महिने.

पहिल्यांदा बिघडतो लाल-हिरव्यातला फरक आणि मधोमधची नजर. तपासायला यंत्र लागत नाही. एक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातले बारीक अक्षर वाचायला लावा, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं तर चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो. ताटात एक संकेश्वरी लाल मिरची आणि एक हिरवी मिरची ठेवून रंग विचारा. आठवड्यातून एकदा पुरे. गेल्या आठवड्यापेक्षा धूसर वाटलं किंवा लाल रंग मळका दिसू लागला तर गोळी थांबवून लगेच दाखवा. वेळेवर बंद केलं तर नजर बहुधा परत येते. "वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला" असं म्हणत महिना काढला तर ती खात्री देता येत नाही. लहान मुलाला रंगांचा फरक सांगता येत नाही, तिथे आईने ते वस्तू शोधताना चाचपडतंय का हे बघायचं.

बाकीचे त्रास, भरभर

तळपायाची आग, मुंग्या: आयसोनियाझिडमुळे शरीरातलं ब-६ जीवनसत्त्व कमी पडतं. त्याची वेगळी छोटी गोळी मिळते आणि त्रास सुरू होण्याआधीच ती घ्यायची असते. मधुमेही, गरोदर आणि दारू पिणाऱ्यांनी तर नक्कीच.

सांधे दुखणं: पायराझिनामाइडने रक्तात युरिक ॲसिड वाढतं. साध्या वेदनाशामकाने भागतं आणि दोन महिन्यांनी ते औषधच संपतं.

मळमळ: गोळ्या रिकाम्या पोटी उत्तम लागू पडतात. सोसत नसेल तर हलकं काही खाऊन किंवा रात्री झोपताना घ्या, एकदम सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पित्तावरची पातळ औषधं बरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

खाज: थोडी असेल तर साध्या गोळीने जाते. अंगभर चट्टे, ताप, तोंडात फोड असं एकत्र आलं तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा.

मासे: कुप्यासारखे मासे किंवा बर्फात नीट न ठेवलेला बांगडा खाल्ल्यावर चेहरा लाल होऊन डोकं ठणकलं, तर दोष आयसोनियाझिडचा. माशातलं हिस्टामिन नावाचं द्रव्य मोडण्याची शरीराची ताकद ते कमी करतं. कोकण-गोव्याचा मासा घाट चढून येईपर्यंत किती ताजा राहतो, हे बेळगावकरांना सांगायला नको.

इतर औषधं: रिफाम्पिसिन बऱ्याच औषधांचा असर कमी करतं. गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, दुसरं साधन वापरावं. साखरेच्या काही गोळ्या पुरेनाशा होतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मात्रा बदलावी लागते. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ओतणं हा सगळ्यात सोपा उपाय.

औषधांना न जुमानणारा टीबी झाला तर?

बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासणी केली की एक-दोन तासांत टीबी आहे का आणि जंतू रिफाम्पिसिनला दाद देतील का, दोन्ही कळतं. ट्रूनॅट हे शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं यंत्र, हे जाता जाता. दाद देत नसेल तर उपचार बदलतो. पूर्वी त्यात महिनोन्महिने इंजेक्शनं असत आणि अनेकांना त्याने कायमचं बहिरेपण आलं. आता तोंडाने घ्यायच्या औषधांवरच भर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. इथे मात्र देखरेख यंत्राचीही हवी. बेडाक्विलिनमुळे हृदयाची विद्युत लय लांबू शकते म्हणून ईसीजी, आणि लिनेझोलिडमुळे रक्त कमी होतं, पाय बधिर होतात, नजर मंदावते म्हणून रक्ताच्या तपासण्या. या तपासण्या चुकवून नुसत्या गोळ्या नेणं धोक्याचं.

सीमाभागातली आपली अडचण

जांबोटीचा माणूस गोव्यात कामाला असतो, निपाणीचा कोल्हापूरला दाखवतो, खानापूरची सून बाळंतपणाला चंदगडला जाते. गोळ्या मध्येच तुटतात त्या अशा. खरं तर तुटायचं कारण नाही. रुग्णाची नोंद निक्षय या देशभराच्या यादीत होते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक दाखवला की कर्नाटकातला उपचार महाराष्ट्रात किंवा गोव्यात तसाच पुढे चालतो. औषधं तीच असतात. निघण्याआधी आशाताईला सांगून बदली करून घेतली तर तिकडे हेलपाटे वाचतात. खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्यालाही हा क्रमांक मिळायला हवा. आहारासाठीचे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत, तेही याच नोंदीवर बँकेत येतात.

दुसरी अडचण रुग्णाच्या उपचार-कार्डाची. ते कन्नडमध्ये असतं आणि मराठी शाळेत शिकलेल्या म्हातारीला वाचता येत नाही. भाषेचा वाद आपल्या जागी राहू द्या, पण उलटी होत असताना तो उपयोगी पडत नाही. कार्डाच्या मागे मराठीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: निक्षय क्रमांक, आशाताईचा फोन, आणि कुठली लक्षणं दिसली तर गोळी थांबवायची. फोनवर पलीकडे फक्त कन्नड जाणणारी नर्स असेल तर "कण्णु हळदी आगिदे" म्हणजे डोळे पिवळे झालेत, आणि "वांती आग्तिदे" म्हणजे उलट्या होतायत, एवढं पुरतं. १८००-११-६६६६ हा क्षयरोगाचा मोफत फोन आहे. आणि कुठल्याही औषधाचा दुष्परिणाम रुग्णाला स्वतः नोंदवायचा असेल तर १८००-१८०-३०२४.

सहा महिने झाले की संपलं?

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आणि उपचार संपताना बेडका तपासतात. बेडका येत नाही म्हणून लाळ देऊन येणारे खूप, त्याने काहीच कळत नाही. सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून काढलेलाच द्यावा. उपचार संपल्यावरही सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी दाखवायला जायचं असतं, कारण रोग उलटला तर तो बहुधा या दोन वर्षांतच.

दरम्यान घरातल्या बाकीच्यांची तपासणी होते. ज्यांना रोग नाही त्यांना तो होऊ नये म्हणून औषध दिलं जातं, कुणाला सहा महिने रोज आयसोनियाझिड, कुणाला आठवड्यातून एकदा असे बारा डोस. "मला काही झालेलंच नाही, मग औषध कशाला" म्हणून ते बहुधा डब्यात पडून राहतं. जे घेतील त्यांनीही डोळे, भूक आणि उलट्यांवर तीच नजर ठेवायची आहे, कारण त्या गोळीतही आयसोनियाझिडच असतं.